झुंजणारी यंत्रे आणि घरचे लेथ

'रोबो' हा शब्द आता खेड्यापाड्यांतल्या मुलांच्याही तोंडी बसला आहे. पण तो आला कोठून, असे विचारले तर पुष्कळांना क्षणभर थांबावे लागेल. झेक लेखक कारेल चापेक यांनी १९२० साली 'आर. यू. आर.' नावाचे एक नाटक प्रसिद्ध केले. त्यात माणसाची कामे करणारे कृत्रिम मजूर होते आणि त्यांना नाव दिले होते 'रोबोट'. झेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे धन्याच्या शेतावर सक्तीने करावे लागणारे काम. आपल्या भाषेत त्याला नेमका शब्द आहे, तो म्हणजे वेठ. तेव्हा रोबोट म्हणजे काय, तर यंत्ररूपी वेठबिगार!

या वेठबिगाराला माणसाने पुढे आखाड्यात उतरविले. दोन यंत्रे एकमेकांवर सोडायची, ती एकमेकांना उलथून पाडतात, कापतात, चिरडतात आणि जे शेवटी हलत राहील ते विजयी. ही आहे लढाऊ रोबोंची झुंज. यातली बहुतेक यंत्रे स्वतःच्या बुद्धीने लढत नाहीत, बरे का. त्यांचा धनी रिंगणाबाहेर उभा राहून रेडिओलहरींच्या द्वारे त्यांना हाकत असतो. पण आज मला सांगायचे आहे ते आखाड्यातल्या पहिलवानाविषयी फारसे नाही. पहिलवान ज्या तालमीत घडतो, त्या तालमीविषयी आहे. ही तालीम म्हणजे घराच्या पडवीत, जिन्याखाली किंवा मोटार ठेवण्याच्या खोलीत मांडलेले छोटे यंत्रकामाचे दालन. आणि तिथला वस्ताद म्हणजे लेथ.

मी इतिहास शिकविणारा माणूस. यंत्रांवर बोलणे म्हणजे माझ्यासारख्याने उंटावरून शेळ्या हाकण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. पण यंत्रांनाही इतिहास असतो. आणि तो राजेरजवाड्यांच्या इतिहासाइतकाच आपल्या कामाचा असतो.

आधी आखाड्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील डेन्व्हर शहरी विज्ञानकथांच्या शौकिनांनी संमेलनाची करमणूक म्हणून लहान लहान यंत्रांच्या झुंजी लावल्या. तो गमतीचा मामला होता. त्याला मोठे रूप दिले मार्क थॉर्प या गृहस्थांनी. चित्रपटांसाठी लागणाऱ्या प्रतिकृती बनविणे हा त्यांचा व्यवसाय. १९९२ मध्ये त्यांनी घरची झाडलोट करायला रेडिओने चालणारे झाडूयंत्र करण्याचा खटाटोप केला. केर काही नीट निघेना! पण त्या धडपडीतून, हत्यारे बसविलेल्या यंत्रांची झुंज लावली तर काय बहार होईल, ही कल्पना निघाली. ऑगस्ट १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे फोर्ट मेसन या जागी पहिली 'रोबो वॉर्स' भरली. दुसऱ्या महायुद्धात याच धक्क्यांवरून अमेरिकेचे सैनिक जहाजांत चढून पॅसिफिकच्या रणांगणाकडे गेले होते. तेथे पन्नास वर्षांनी खेळातली लढाई सुरू झाली.

१९९५ मध्ये तेथे जेमी हाइनमन यांचे 'ब्लेंडो' नावाचे यंत्र आले. वर कढईच्या आकाराचे घुमटाकार कवच, आत गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन आणि ते कवच गरगर फिरणारे. प्रतिस्पर्ध्याला त्याचा स्पर्श झाला की त्याचे तुकडे रिंगणाच्या भिंतीवरून पलीकडे जाऊ लागले. प्रेक्षकांच्या जिवाला धोका नको म्हणून संयोजकांनी त्याला विजयाचा मान देऊन बाजूला बसविले. पुढे इंग्लंडात बी.बी.सी.ने १९९८ मध्ये या झुंजी दूरचित्रवाणीवर आणल्या. अमेरिकेत 'बॅटलबॉट्स' ही स्पर्धा १९९९ मध्ये सुरू झाली, २००० मध्ये ती घराघरांत दिसू लागली, मधल्या खंडानंतर २०१५ मध्ये पुन्हा उभी राहिली. आपल्याकडेही पवईच्या आय.आय.टी.च्या 'टेकफेस्ट'मध्ये अशा झुंजी होत आल्या आहेत आणि त्या पाहायला तरुणांची झुंबड उडते.

आता या खेळातील एक हिशेब पाहा. शाळेतल्या शिक्षकांनी तो फळ्यावर मांडून दाखवावा. समजा, एका लढाऊ रोबोला एक किलो वजनाचे पोलादी कडे हत्यार म्हणून बसविले आहे. त्याची त्रिज्या १० सेंटिमीटर आणि वेग मिनिटाला १०,००० फेरे. या कड्यात साठलेली ऊर्जा भरते सुमारे ५,५०० जूल. ही किती झाली? ५० किलोचे धान्याचे पोते ११ मीटर उंचीवरून, म्हणजे तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली टाकावे, एवढी! कड्याच्या काठाचा वेग होतो तासाला सुमारे ३७७ किलोमीटर. बॅटलबॉट्सच्या नियमांत ही मर्यादा ताशी २५० मैल, म्हणजे सुमारे ४०२ किलोमीटर ठेवलेली आहे. तेव्हा आपले उदाहरण काही कल्पनेच्या भराऱ्या नव्हेत.

पण खरी मेख पुढेच आहे. त्या कड्याचे मधले भोक नेमके मध्यावर नसून मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याने, म्हणजे जाड केसाच्या रुंदीएवढे, बाजूला गेले आहे असे समजा. तेवढ्या चुकीमुळे प्रत्येक फेऱ्यात आसावर ११ किलो वजनाएवढा हिसका बसतो. तोही मिनिटाला दहा हजार वेळा! शत्रूने हात लावायच्या आत आपलाच रोबो थरथरून खिळखिळा होईल. बेअरिंगे तापतील, नटबोल्ट सुटतील, आस वाकेल. म्हणजे पाहा, झुंज आखाड्यात हरली असे आपण म्हणतो. पण ती पुष्कळदा आधीच हरलेली असते, घरच्या लेथवर, केसभर चुकीत.

तर मग हा नेमकेपणा यायचा कोठून? हाताने कानस मारून तो येत नाही. त्याला लेथ पाहिजे. आणि लेथच जर सदोष असेल, तर? त्याचा दोष जॉबमध्ये उतरणारच. जसे बियाणे तसे पीक. येथूनच इतिहासाला सुरुवात होते.

आपल्याकडचा कातारी पिढ्यान् पिढ्या लाकूड कातत आला. एकाने दोरी किंवा कमान ओढून लाकूड फिरवायचे, दुसऱ्याने हातातले हत्यार टेकवून ते कातायचे. खेळणी, लाटणी, पाळण्याचे खूर, सारे त्यावर होई. युरोपातही शेकडो वर्षे हेच होते. लाकडाला हे चालते. पण लोखंड कातताना हत्यार हातात थरथरते आणि नेमकेपणा कारागिराच्या मनगटावर अवलंबून राहतो. लंडनमधल्या हेन्री मॉड्सले या कारागिराने अठराव्या शतकाच्या अखेरीस ही अडचण दूर केली. जन्म १७७१ चा. जोसेफ ब्रामा यांच्या कुलपांच्या कारखान्यात तो मुख्य कारागीर होता. पगार आठवड्याला ३० शिलिंग. त्यात वाढ मागितली तर नकार मिळाला. म्हणून १७९७ मध्ये तो बाहेर पडला आणि स्वतःचे दुकान थाटले. त्याने हत्यार माणसाच्या हातातून काढून यंत्राच्या सरकत्या बैठकीवर घट्ट बसविले आणि ती बैठक मळसूत्राने, दंतचक्रांच्या हिशेबाने पुढे सरकविली. या गोष्टी सुट्या सुट्या पूर्वीही कोणी कोणी केल्या होत्या. मॉड्सलेने त्या एकत्र आणून भरवशाच्या केल्या. त्यामुळे लोखंडावर एकसारखे आटे पाडता येऊ लागले.

येथे तुम्ही विचाराल, पहिले अचूक मळसूत्र आले कोठून? ते पाडायला तर अचूक मळसूत्रच लागते! ही कोंबडी आणि अंड्याचीच गोष्ट झाली. मॉड्सलेने मऊ धातूच्या दांड्यावर तिरक्या पात्याने आटे उमटविले. ते पूर्ण निर्दोष नव्हते. पण त्यातल्या त्यात चांगले निवडायचे, त्याची चूक मोजायची, ती सुधारून त्यावरून दुसरे करायचे, दुसऱ्यावरून तिसरे. सदोष यंत्रावरून कमी सदोष यंत्र आणि त्यावरून आणखी कमी सदोष यंत्र, अशी ती वंशावळ आहे.

मॉड्सलेच्या कारखान्यात तयार झालेला जोसेफ व्हिटवर्थ याने दुसरा एक प्रश्न चर्चेत आणला. पूर्ण सपाट पृष्ठभाग म्हणजे काय आणि तो करायचा कसा? यावर १८४० मध्ये त्याने निबंध वाचला. त्यातली युक्ती इतकी सोपी आहे की ऐकून आश्चर्य वाटते. बिडाच्या दोन पाट्या घ्या. एकीला रंग लावून दुसरीवर ठेवा, जेथे रंग लागेल तो उंचवटा खरवडा. असे करीत गेलात तर दोन्ही पाट्या एकमेकींना तंतोतंत बसतील. पण म्हणून त्या सपाट झाल्या का? नाही! जात्याच्या दोन तळी एकमेकींवर नीट बसतात, म्हणून त्या सपाट असतात असे कोठे आहे? एक फुगीर आणि दुसरी खोलगट असली तरी त्या बसतातच. म्हणून तिसरी पाटी घ्यायची. पहिली खोलगट असेल, तर तिला जुळणारी दुसरी फुगीर होईल, आणि पहिलीलाच जुळविलेली तिसरीही फुगीर होईल. आता दुसरी आणि तिसरी समोरासमोर आणा. फुगीरावर फुगीर, लगेच डुगडुगतील. चोरी पकडली गेली! तिन्ही पाट्या आळीपाळीने एकमेकींशी पूर्ण जुळल्या तरच त्या खऱ्या सपाट. येथे कोणतेही मूळचे अचूक साधन लागले नाही, बरे का. लागले ते फक्त रंग, खरवडणी आणि चिकाटी.

मला या गोष्टीत मोठा अर्थ दिसतो. नेमकेपणा हा बाजारातून विकत आणावा लागतो, अशी आपली समजूत असते. इतिहास सांगतो की तो मुळात हाताने निर्माण झाला आणि आजही हाताने निर्माण करता येतो.

हे लेथ कारखान्यातून घरात कसे आले? १८९८ च्या जानेवारीत लंडनमध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी 'मॉडेल इंजिनिअर' हे नियतकालिक काढले. दिवसा कारकुनी, शिक्षकी किंवा दुकानदारी करणारी आणि संध्याकाळी घरी छोटी वाफेची इंजिने बनविणारी हजारो माणसे या नियतकालिकाभोवती जमली. त्यांच्यासाठी पहिल्या महायुद्धाच्या आधीच गिल्डफर्डजवळच्या ड्रमंड बंधूंनी पायाने हाकण्याची छोटी लेथयंत्रे विकायला आणली. पुढे नॉटिंगहॅमजवळ बीस्टन येथे मायफर्ड कंपनीने १९४६ मध्ये 'एम.एल. ७' हे लेथ काढले. मध्यबिंदूची उंची अवघी साडेतीन इंच. पण घरगुती कारागिरांत त्याने जे नाव मिळविले, ते आजही पुसले गेलेले नाही. मूळ कंपनी २०११ मध्ये बंद पडली; पण तिची यंत्रे अजून चालत आहेत.

ती चालत राहण्याचे एक कारण त्यांच्या रचनेतच होते. एम.एल. ७ च्या फिरत्या आसाची बेअरिंगे पांढऱ्या मऊ धातूची, दोन फाकांत केलेली असत. त्या फाकांच्या मध्ये पातळ पत्र्यांच्या थप्प्या घातलेल्या. वर्षानुवर्षांच्या वापराने बेअरिंग झिजून सैल झाले की एक पातळ पत्रा सोलून काढायचा आणि पुन्हा आवळायचे. आपला झिजलेला भाग धनी घरीच नीट करील, हे धरूनच बनविणाऱ्याने ते बनविले होते.

अमेरिकेत डेव्हिड गिंगरी यांनी १९८० च्या सुमारास याच्याही पुढची मजल मारली. भंगारातून धातूकामाचे संपूर्ण दालन कसे उभारावे, याची त्यांनी पुस्तकांची मालाच लिहिली. पहिल्या पुस्तकात कोळशाची भट्टी, दुसऱ्यात लेथ. जुन्या ॲल्युमिनियमचे भंगार वितळवायचे, वाळूच्या साच्यात ओतायचे, हाताने खरवडून सपाट करायचे. आणि अर्धवट झालेल्या लेथवरच त्या लेथचे उरलेले भाग करायचे. मॉड्सले आणि व्हिटवर्थ यांचा वारसा तो हाच.

आता येऊ या आपल्या झुंजणाऱ्या रोबोंकडे. हा छंद वाढला त्याच काळात चिनी कारखान्यांतून आलेली छोटी लेथे आणि छोटी मिलिंग यंत्रे जगभर स्वस्तात मिळू लागली. टेबलावर मावणारी, घरच्या विजेवर चालणारी. सुमारे ७ इंच व्यासाचा जॉब फिरू शकेल एवढा त्यांचा आवाका. विद्यार्थ्याच्या किंवा नोकरदाराच्या खिशाला परवडणारी. अनेक रोबोंचे आस, चाकांचे तुंबे आणि हत्यारांची कडी त्यांच्यावरच कातली गेली. पण स्वस्त यंत्राची एक गोष्ट लक्षात ठेवा : ते घेतल्या दिवशी पुरते तयार नसते. जाणकार मंडळी म्हणत आली आहेत की असे यंत्र म्हणजे यंत्राच्या सुट्या भागांचा जुडगा समजावा. त्याचे यंत्र करणे हे घेणाऱ्याचे काम.

ते काम कसे चालते, ते पाहू. प्रथम यंत्र पूर्ण सोडायचे, त्यावरचे चिकट वंगण आणि आत अडकलेला ओतकामाचा कचरा धुऊन काढायचा. मग सरकत्या भागांतील फट भरून काढणाऱ्या पट्ट्या घासून सारख्या करायच्या. कारण त्या नीट बसल्या नाहीत तर हत्यार कातताना थरथरते आणि जॉबवर लाटा उमटतात. एवढ्यानेच निम्मे दुखणे बरे होते आणि खर्च होतो तो फक्त वेळेचा.

त्यानंतर बेअरिंगे. या छोट्या लेथच्या आसावर बहुधा ३० मिलिमीटर भोकाची साधी गोळ्यांची बेअरिंगे असतात. त्यांच्या जागी निमुळत्या रोलरची बेअरिंगे बसवितात. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकात असतात, त्याच जातीची. ती आवळून बसविता येतात, म्हणून आस डळमळत नाही. पण नवे बेअरिंग जुन्यापेक्षा सव्वा मिलिमीटर जाड भरते. तेव्हा आसावरची मधली नळी तेवढी कातून आखूड करावी लागते. आणि ती कातायची कशावर? त्याच लेथवर! म्हणून शहाणा माणूस यंत्र सोडण्यापूर्वी नवी नळी तयार करून ठेवतो. जो आधी यंत्र सोडतो, तो कपाळाला हात लावून बसतो. आवळतानाही तारतम्य पाहिजे. फार आवळले तर बेअरिंग तापते, सैल ठेवले तर सारा खटाटोप फुकट.

मग येतात दंतचक्रे. यातल्या पुष्कळ यंत्रांत ती नायलॉनची असतात. हत्यार जॉबमध्ये रुतले की त्यांचे दात उडतात. तेव्हा प्रत्येकाच्या मनात पहिला विचार येतो तो पोलादी दंतचक्र बसविण्याचा. पण थांबा! तो नायलॉनचा दात तुटला म्हणून मोटर वाचली, हे विसरून कसे चालेल? घरातला विजेचा फ्यूज वारंवार जातो म्हणून त्या जागी जाड तार घातली तर काय होते, ते आपण जाणतोच. पोलादी चक्र बसविले की तोच हिसका पुढे सरकतो. आस, मोटर किंवा वेग सांभाळणारे विद्युत्-मंडल यांपैकी कोणीतरी बळी जाते. म्हणून अनुभवी लोकांनी निराळा मार्ग काढला. दंतचक्रे काढून पट्टा बसवायचा. ताण फार झाला की पट्टा घसरतो, काही तुटत नाही, आवाजही कमी होतो. सुधारणा म्हणजे प्रत्येक नरम वस्तूच्या जागी कठीण वस्तू घालणे नव्हे. मोडायचेच झाले तर काय मोडावे, हे आधी ठरविणे म्हणजे सुधारणा.

मिलिंग यंत्राचेही तसेच. छोट्या यंत्राचा उभा खांब पायथ्याला एकाच मोठ्या नटाने धरलेला असतो. जोराचे काम आले की तो किंचित मुरडतो. त्याला मागून जाड पोलादी पट्टीचा टेकू देतात. विद्युत्-मंडल जळण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे आत पडलेला लोखंडाचा कीस; तेवढ्यासाठी पत्र्याचे एक झाकण पुरते. काहींनी भंगारातल्या व्यायामाच्या पट्ट्यांच्या यंत्रातली मोटर काढून लेथला जोडली. मोटर आणि तिचा वेगनियंत्रक हा तर लढाऊ रोबो करणाऱ्याचा रोजचाच विषय. पहिलवानासाठी शिकलेली विद्या अशी तालमीच्या डागडुजीला उपयोगी पडली.

येथे मला एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका गावच्या शाळेत मी बक्षीस समारंभाला गेलो होतो. तेथे तंत्रशाळेचा वर्ग होता. कोपऱ्यात गोणपाटाखाली एक जुने लेथ. विचारले, तर उत्तर मिळाले, "बाद झालंय. सरळ कापतच नाही. एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक." नव्या यंत्रासाठी अर्ज गेला होता, मंजुरी यायची होती, आणि मुले दोन वर्षे फळ्यावरच्या चित्रावरून लेथ शिकत होती! गावातले एक निवृत्त फिटर समारंभाला आले होते. त्यांनी गोणपाट काढले, पाणसळ मागविली आणि ती लेथच्या बैठकीवर आडवी ठेवली. एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला. दोन्हीकडे बुडबुडा निराळ्या जागी! फरशी एका पायाखाली खचली होती आणि पाय बोल्टने जखडलेले असल्यामुळे बिडाची बैठक हळूहळू पिळली गेली होती. बिडाचे असले म्हणून काय झाले, तेही पिळते. फिटरबाबांनी बोल्ट सैल केले, पायाखाली पत्र्याचे तुकडे सारले, पुन्हा आवळले. मग जॉब कातून दोन्ही टोके मोजली. जवळजवळ सारखी! 'नाचता येईना अंगण वाकडे' असे आपण चेष्टेने म्हणतो. येथे अंगण खरोखरच वाकडे होते. पण ते सरळ करता येते, हे कोणाला ठाऊक नव्हते.

हेडमास्तर मला हळूच म्हणाले, "सर, दोन वर्षं गेली हो पोरांची." त्या वाक्याने मला जितके अस्वस्थ केले, तितके क्वचितच कशाने केले असेल. चूक कोणा एकाची नव्हती. आपण यंत्राकडे विकत घेण्याची वस्तू म्हणून पाहायला शिकलो. समजून घेण्याची वस्तू म्हणून पाहायचे विसरलो.

आपल्या प्रांताचा इतिहास मात्र असा नव्हता. लक्ष्मणराव किर्लोस्करांचीच गोष्ट घ्या. मुंबईच्या तंत्रशाळेत शिक्षकी केलेला हा माणूस. बेळगावात सायकलींचे दुकान, त्यातून यंत्रांची ओळख, त्यातून कडबा कापण्याचे यंत्र, त्यातून लोखंडी नांगर, आणि १९१० साली औंध संस्थानात माळरानावर किर्लोस्करवाडी. लोखंडी नांगराने जमीन नासते, असे तेव्हाचे शेतकरी म्हणत. त्यांची समजूत पटवायला वेळ लागला. पण सुरुवात झाली ती यंत्र उघडून आत पाहण्यापासून, हे ध्यानात घ्या.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आजकाल संगणकावर चित्र काढून पाठविले की दूरच्या कारखान्यात लेसरने किंवा पाण्याच्या झोताने पोलादाची पाटी हवी तशी कापून घरपोच येते. लहान वजनाच्या रोबोंचे कितीतरी भाग प्लॅस्टिकच्या छपाईयंत्रावर निघतात. त्यामुळे ज्याच्याकडे लेथ नाही, त्या मुलालाही या खेळात उतरता येते. ही गोष्ट चांगलीच आहे. मागे वळून उसासे टाकण्याचे कारण नाही. पण स्पर्धेच्या दिवशी काय होते? पहिल्या झुंजीत आस वाकतो. अनेक लहान स्पर्धांत दोन झुंजींमध्ये वीसएक मिनिटांचाच अवधी हमखास मिळतो. तेवढ्यात दूरच्या कारखान्यातून भाग येणार नाही. तेथे ज्याला आपले यंत्र उघडता येते, वाकलेला भाग ओळखता येतो, कानस आणि पाना चालविता येतो, तोच पुन्हा रिंगणात उतरतो. बाकीचे प्रेक्षकांत जाऊन बसतात. आणि शेतकरी वाचकांना हे मी निराळे का सांगावे? ऐन पेरणीत पाभरीचा फण मोडला म्हणजे काय प्रसंग येतो, ते त्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी विनंती एवढीच आहे. लढाऊ रोबोंचे वेड मुलांत आले तर त्याला नुसती नाके मुरडू नका. फिरत्या हत्याराचा खेळ धोक्याचा आहे. जाड पारदर्शक भिंतींचे बंदिस्त रिंगण, डोळ्यांवर चष्मा आणि जाणत्या माणसाची देखरेख यांवाचून तो कधीही करू देऊ नका. लेथवर उभे राहताना बाह्या दुमडलेल्या हव्यात, गळ्यात ओढणी किंवा मफलर नको, आणि चकची चावी चकमध्ये ठेवून यंत्र सुरू करायचे नाही. पण एवढे सांभाळून त्या वेडाला तालमीकडे वळवा. मुलांना विचारा, तुमच्या रोबोचा आस नेमका मध्यावर आहे, हे कशावरून? तो ज्या यंत्रावर कातला ते यंत्र सरळ आहे, हे कशावरून? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता मुलगा मॉड्सलेपर्यंत आणि व्हिटवर्थच्या तीन पाट्यांपर्यंत आपोआप पोहोचेल.

आणि तुमच्या शाळेत, पंचायतीच्या कोठीत किंवा घरच्या माळ्यावर गोणपाटाखाली एखादे यंत्र पडले असेल, तर नवीन यंत्राचा अर्ज लिहिण्यापूर्वी एकदा ते गोणपाट उचला. गावातल्या जुन्या फिटरला बोलवा. पाणसळ ठेवून पाहा. कदाचित ते यंत्र खरोखरच बाद झालेले असेल. पण कदाचित फक्त एक पाय खचलेला असेल.